घेतले ताम्हिणीसाठी, झिजले कात्रजला

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये बाजारात आली, तेव्हा रानावनात भटकणाऱ्या मंडळींनी तिला वरून कमी आणि खालून वाकून जास्त पाहिले. शिडीसारखी चासी, चारही चाकांना ताकद, चढ-चिखलासाठी वेगळा लो-रेंज गिअर, सगळे जागच्या जागी होते. चाकांवर मात्र ब्रिजस्टोनचे ड्युएलर एच/टी होते. एच/टी म्हणजे हायवे टेरेन, साध्या मराठीत डांबरी रस्त्याचा टायर. उलट, नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या वरच्या श्रेणीला २०२० पासून कारखान्यातूनच सिएटचे झार ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन टायर मिळाले. गाड्या दोन्ही जंगलाच्या, पण एकीला कंपनीने चालायचे बूट दिले आणि दुसरीला ट्रेकिंगचे.

जिम्नीवाल्यांतल्या अनेकांना हा अपमान वाटला. गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगआधी टायर उतरवून जाडजूड नक्षीचे ए/टी चढवणारे पुण्या-मुंबईत बरेच दिसतात. हे लोण पुढे साध्या टू-व्हील ड्राइव्ह एसयूव्हीपर्यंत पोहोचले आहे. शनिवारी टायरच्या कोणत्याही मोठ्या दुकानात तासभर बसले की संवाद ठरलेला. मालक विचारतो, “साहेब, गाडी कुठं फिरते?” गिऱ्हाईक म्हणते, “तशी ऑफिसलाच. पण पावसाळ्यात ताम्हिणीला जातो ना आम्ही!” ताम्हिणीचा घाट डांबरी आहे, हे त्या वेळी दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

मुळात ऑल-टेरेन आणि ऑल-सीझन हे दोन प्रकार जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे जन्मले. बीएफगुडरिचने रेडियल बांधणीचा ऑल-टेरेन टायर १९७६ मध्ये आणला. गुडइयरने पुढच्याच वर्षी टिएम्पो नावाचा ऑल-सीझन रेडियल काढला. दोन्ही कंपन्या अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन या एकाच गावच्या. पहिल्याने पिकअप ट्रकवाल्याला सांगितले, डांबर सोडून शेतात उतर. दुसऱ्याने कुटुंबाच्या मोटारीला सांगितले, उन्हाळा-हिवाळ्याला टायर बदलत बसू नकोस.

यातल्या ‘सीझन’ शब्दाने आपल्याकडे घोटाळा केला आहे. अमेरिकेत सीझन म्हणजे बर्फाचा मोसम. तापमान सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक पडू लागते, म्हणून ऑल-सीझनचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवतात. टायरच्या बाजूवर ‘एम+एस’ अक्षरे असतात, त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ. पण ही अक्षरे कंपनी नक्षीच्या रचनेवरून स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. चाचणी देऊन मिळते ते चिन्ह वेगळे, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण. जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा फरक आता चांगलाच ठाऊक आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे बर्फाळ रस्त्यावर नुसती ‘एम+एस’ अक्षरे चालत नाहीत, डोंगराचे चिन्हच लागते. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. महाराष्ट्रात मात्र पारा सातच्या खाली जातो तो क्वचित, तोही एखाद्या पहाटे. इथल्या चालकाला ऑल-सीझनचा अर्थ एकच, मे महिन्याचा तापलेला रस्ता आणि जुलैचा भिजलेला रस्ता. आपल्या बाजारात त्या कामाच्या टायरवर बहुतेकदा एच/टी लिहिलेले असते.

आता दोघांना शेजारी ठेवून बघावे. ए/टीची नक्षी खोल आणि ठोकळ्यांची. नव्या एच/टीच्या खाचा साधारण आठ-नऊ मिलिमीटर, तर ए/टीच्या दहापासून तेरापर्यंत. ठोकळ्यांमधली जागा मोठी, त्यामुळे खडी-चिखल बाहेर फेकला जातो. बाजूची भिंत बहुधा जाड, अणकुचीदार दगडाने सहज फाटत नाही. पण जागा मोठी म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी. उंच ठोकळा ब्रेक दाबला की थोडा लवतो, कडक बूच नि मऊ खोडरबर यांत असतो तसा फरक. एच/टीच्या फासळ्या सलग असतात आणि त्यांवर पात्याने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओल्या डांबरावरचा पाण्याचा पातळ पापुद्रा या चिरा तोडतात आणि रबर दगडाला भिडते. भुरभुर पाऊस पडून रस्ता तेलकट झाला असताना पुढची रिक्षा अचानक थांबली, तर कामाला येते ती ही बारीक चिरांची कारागिरी. खोल खाचांचा तिथे फारसा उपयोग नाही.

पाणी साचलेल्या रस्त्याचे गणित थोडे वेगळे आहे आणि इथे ए/टीवर अन्याय नको. खोल खाचा पाणी भरपूर वाहून नेतात. पाणी खाचांच्याही वर चढले की मग टायर कोणताही असो, तो होडी होतो. नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचे सूत्र मांडले. चाक कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगेल, हे प्रामुख्याने हवेच्या दाबावर ठरते. ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो, २५ पीएसआयला तो ८३ वर घसरतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा १०० आहे, हे लक्षात घेतले की या आकड्यांनी घाम फुटतो. शनिवारी चिखलात पकड मिळावी म्हणून हवा काढायची आणि रविवारी संध्याकाळी ती न भरताच घरचा रस्ता धरायचा, ही हौशी ऑफ-रोडर मंडळींची सवय टायरच्या जातीपेक्षा जास्त धोक्याची आहे.

बाकीची किंमत हळूहळू वसूल होते. ए/टी जड असतो आणि लोळताना जास्त ऊर्जा खातो, त्यामुळे मायलेज उतरते. किती उतरते ते गाडीवर आणि पायावर अवलंबून. ठोकळे रस्त्यावर आपटत राहतात, त्याची घरघर साठच्या पुढे काचा बंद असतानाही ऐकू येते आणि टायर झिजत जाईल तशी वाढते. काँक्रीटवर ती आणखी बोचते. नागपूरहून मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जवळजवळ सगळा काँक्रीटचा. त्यावरून पाच माणसे आणि सामान घेऊन निघालेल्या ए/टीवाल्याला शिर्डीपर्यंत गाणी ऐकू येत नाहीत. त्या मार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. विदर्भातल्या उन्हात तासन् तास तो वेग धरला, तर जाड रबरात साठणारी उष्णता आणि कमी हवा मिळून टायरचा जीव काढतात. म्हणून टायरवर मापानंतर येणारे वेगाचे अक्षर वाचावे. क्यू म्हणजे १६०, एस १८०, टी १९०, एच २१०. अनेक ए/टी टायर या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर असतात.

मग ‘लूक’साठी माप वाढवण्याचा मोह. जिम्नीचे मूळ माप १९५/८० आर १५, म्हणजे चाकाचा व्यास ६९३ मिलिमीटर. बरेच जण २१५/७५ आर १५ घालतात, त्याने व्यास दीड टक्का वाढतो, ते खपून जाते. २३५/७५ घातला की वाढ जवळजवळ सहा टक्क्यांची. गाडी खरी १०० ने धावत असताना काटा ९४-९५ दाखवतो, गिअर जड पडतात, ब्रेकवर ताण येतो आणि चाक वळताना मडगार्डला घासू शकते. कंपनीच्या मापाबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कचाट्यात येऊ शकतात, हे दुकानदार सहसा बिलावर लिहून देत नाही.

“पण आपल्या खड्ड्यांना ए/टीच पाहिजे,” हा नेहमीचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. खड्ड्याचा दणका शोषून घेते ती भिंतीची उंची आणि तिच्यातली हवा. जिम्नीच्या त्या मूळ एच/टीची भिंत १५६ मिलिमीटर उंच आहे, तिला खड्ड्याचे फारसे वावडे नाही. दणके खाऊन फुटतात ते मोठ्या अलॉयवर चढवलेले पातळ भिंतीचे टायर. तिथे एक इंच लहान रिम आणि त्यावर बसेल असा उंच भिंतीचा टायर, कंपनीने त्याच गाडीच्या खालच्या श्रेणीला दिलेला असेल तर, ए/टीपेक्षा स्वस्त आणि शहाणा उपाय.

तरीही ए/टी ज्याचा आहे, त्याचा आहेच. रत्नागिरी-देवगडकडे कलमांच्या बागेत जाणारी वाट जांभ्याच्या उघड्या दगडाची असते, रोज दोन फेऱ्या होतात आणि पावसात ती वाट ओढा बनते. तिथे एच/टीची भिंत पहिल्याच वर्षी चिरली तर नवल नाही. धरणाच्या कामावरचे अभियंते, खाणींच्या पट्ट्यात फिरणारे कंत्राटदार, सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांवर जाणारे डॉक्टर यांनाही घरघर परवडते, अडकणे परवडत नाही.

मात्र देशावर एक गंमत होते. ओल्या काळ्या रेगूर मातीत उसाच्या फडाकडे गाडी घातली की ए/टीच्या खाचा दहा-वीस फुटांत लिंपून जातात आणि चारही चाके मडक्यासारखी गुळगुळीत होतात. त्या मातीला ट्रॅक्टरच हवा, नाहीतर शहाण्यासारखे बांधावर थांबावे. वाळूतही नक्षीपेक्षा कमी हवा आणि रुंद पाऊल उपयोगी. खोल नक्षी उलट वाळू उकरत खाली जाते. कोकणात भरतीच्या वेळी रुतलेल्या गाड्यांत ए/टीवाल्यांचीही भर असते, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालायलाच बंदी आहे.

हिशेब सरळ धरला तर शहरात नोकरी, महिन्यातून एकदा गाव आणि वर्षातून दोनदा घाट अशा गाडीला चांगला एच/टी पुरेसा आहे. महिन्यातले पाच-सात दिवस कच्ची वाट असेल, तर बारीक चिरा आणि जवळजवळ बसवलेले ठोकळे असलेला सौम्य जातीचा ए/टी घ्यावा. थारला कंपनीनेच ए/टी दिला असेल, तर तो झिजेपर्यंत उतरवायची घाई नको. झिजणे म्हणजे कायद्याने १.६ मिलिमीटर, पण पावसाळ्यात तीनच्या खाली गेलेला टायर गोटा झाल्यासारखाच समजावा. नवा घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहावा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दोन पावसाळे गोदामात काढलेला टायर सवलतीत मिळाला, तरी तो नवा नसतो.

आणि भाव चारचा नव्हे, पाचचा विचारावा. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून ज्याला नाव पडले, ती स्टेपनी बहुतेक जण विसरतात. चार चाकांवर नवे मोठे ए/टी आणि मागे लटकलेला जुना लहान एच/टी, अशा गाडीत पंक्चर झाले की चाकांचे व्यास जुळत नाहीत. मग फोर-व्हील ड्राइव्ह टाकला तर ताण थेट गिअरवर जातो. आडरानात ज्या क्षणासाठी ती गाडी घेतली, नेमक्या त्याच क्षणी तिला टू-व्हीलवर चालवावे लागते.