पात भरघोस, पण कांदा कुठे?

कुंडीत पात तरारून येते, हौसेनं रोप उपटावं तर खाली कांदा धरलेलाच नसतो. परसबागवाल्यांची ही नेहमीची तक्रार. मग मातीला दोष दिला जातो, खत वाढवलं जातं. आधी तपासायला हवं ते बियाणं आणि लागवडीची वेळ.

कांदा उभा चिरला की तळाशी टणक चकती दिसते. ते त्याचं खोड. वरचे पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ. ते कधी फुगवायचे, हे रोप दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य उजेडाची नोंद घेतं आणि दिवस पुरेसा लांबला की कांदा धरण्याचा निरोप तळाशी जातो. हे घडवणारं जनुक न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. ऊन तापू लागलं की हे काम आणखी झपाट्यानं होतं.

उत्तर युरोपातल्या जातींना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साधारण सव्वातेरा तासांचा! म्हणजे रंगीत पाकिटातलं तिकडचं बी इथे कितीही लाड केले तरी पातच देत राहणार. उलट आपलं बी लंडनच्या नातेवाइकांनी उन्हाळ्यात लावलं, तर रोप जेमतेम चार-पाच पानांवर असतानाच कांदा धरतं आणि तो गोटीएवढाच राहतो. पानं जितकी, तितकेच पापुद्रे.

म्हणून रब्बीसाठी एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा किरण, भीमा शक्ती या जाती निवडाव्यात. बी ताजंच हवं, वर्षभरात त्याची उगवण बरीच घटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकावं आणि सात-आठ आठवड्यांची रोपं वरवर, चार-चार बोटांच्या अंतरानं लावावीत. थंडीत पानं वाढतात आणि फेब्रुवारीनंतर दिवस पुरेसा मोठा झाला की तीच पानं कांदा पोसतात.

स्वयंपाकघरात कोंब आलेला कांदा मातीत खोचला तर? पात छान मिळेल, पण मोठ्या कांद्याची आशा धरू नये. त्याचा एक हंगाम सरलेला असतो. आता त्याला बी धरायचं असतं, त्यामुळे तो फुटून विभागतो किंवा डेंगळे काढतो.

निम्म्या रोपांच्या माना पडल्या की कांदे काढावेत. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावं, नाहीतर साठवणीत कांदा सडतो. काढलेले कांदे पातीसकट तीन-चार दिवस वाळवावेत, बोटाच्या पेराएवढी मान ठेवून पात कापावी आणि मग दहा-बारा दिवस सावलीत पसरावेत. मान पूर्ण सुकल्याशिवाय कांदे टोपलीत भरू नका.