विंचवाचं बिऱ्हाड आणि बॅटरी

कॅरॅव्हॅन म्हटलं की आपल्याला शूटिंगची व्हॅनिटी व्हॅन आठवते. इंग्लंडमधली कॅरॅव्हॅन वेगळी. तिला इंजिनच नसतं. चाकांवरची एक खोली समजा : आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, अगदी संडाससुद्धा. साधारण दीड टनाची ही खोली गाडीच्या मागे अडकवायची आणि सुट्टीला निघायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण तिकडच्या लोकांनी फारच मनावर घेतलीय!

माझी मावशी बर्मिंगहॅमजवळ राहते. काका दर उन्हाळ्यात असं बिऱ्हाड घेऊन कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला जातात. ओढायला डिझेलची गाडी, ती आता थकलीय. आणि ब्रिटनमध्ये नुसत्या पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या कारची विक्री २०३० पासून बंद करायचं ठरलंय. (ही तारीख आधी २०४० होती, मग २०३० झाली, २०२३ मध्ये २०३५ झाली आणि पुन्हा २०३० वर आली. आपल्या परीक्षेच्या टाइमटेबलची आठवण येते की नाही?) काकांचा फोन आला, "अगं, तू मेकॅनिकलला ना? मग सांग, इलेक्ट्रिक गाडी कॅरॅव्हॅन ओढेल, की कॅरॅव्हॅन विकून टाकू?" मागून मावशीचा आवाज, "विकायची नाही हं!"

पहिला गैरसमज म्हणजे बॅटरीच्या गाडीत जोर नसतो. उलट आहे. इलेक्ट्रिक मोटर शून्य आरपीएमलाच पूर्ण टॉर्क देते. क्लच जाळत चढावर सुरू होणाऱ्या डिझेल गाडीपेक्षा ती आरामात निघते. तरीही कंपनी ठरवून देते तेवढंच वजन ओढता येतं. ह्युंदाई आयोनिक ५ आणि टेस्ला मॉडेल वाय यांना १६०० किलोपर्यंत परवानगी, किया ईव्ही ९ ला २५०० किलो, टेस्ला मॉडेल ३ ला मात्र जेमतेम १०००. पहिल्या निसान लीफला तर ओढायची परवानगीच नव्हती. कारण जोर नव्हे. चासी, ब्रेक, मोटरचं कूलिंग, सगळं त्या वजनाला पुरावं लागतं. युरोपच्या नियमाप्रमाणे १२ टक्के चढावर, मागे पूर्ण वजन लावून, पाच मिनिटांत पाच वेळा गाडी सुरू करून दाखवावी लागते. शिवाय बॅटरीचंच वजन कित्येकशे किलो, तेही त्याच चाकांवर.

ते वजन एका बाबतीत मात्र फायद्याचं. कॅरॅव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं, असा तिकडे नवशिक्यांना सल्ला देतात. नाहीतर शेपूट कुत्र्याला हलवतं. दोन टनाची, खाली बॅटरी असलेली गाडी इथे सहज पास होते.

खरी गोची हवेची आहे. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण ड्रॅगचं सूत्र पाठ केलं आणि ओरल झाल्यावर विसरलो, ते इथे कामाला येतं. ड्रॅग वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि कॅरॅव्हॅन म्हणजे हवेत उभं धरलेलं कपाट! मी अंदाजे आकडे धरून हिशोब मांडला. सपाट रस्ता, वारा नाही, गाडी २१०० किलो, कॅरॅव्हॅन १५००. ताशी ९६ कि.मी. ला (म्हणजे ६० मैल, तिकडे कॅरॅव्हॅनसाठी मोटरवेची कमाल मर्यादा) नुसती गाडी कि.मी.ला ०.१५ युनिट वीज खाते, कॅरॅव्हॅनसकट ०.३५. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलातलंच युनिट. ७५ युनिटच्या बॅटरीत नुसती गाडी ५०० कि.मी. जाते, बिऱ्हाडासकट २१५.

मग डिझेलला हा ड्रॅग लागत नाही का? लागतो की! पण एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. ६० लिटरची टाकी म्हणजे ६०० युनिट, आठ बॅटऱ्यांएवढी. त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता होऊन वाया जाते, आणि हलक्या लोडवर तर आणखीच. मागे वजन लावलं की इंजिनाची एफिशियन्सी थोडी सुधारते, त्यामुळे नुकसान अर्धवट झाकलं जातं. इलेक्ट्रिक गाडी मुळातच इतकी काटकसरी की तिच्याकडे झाकायला काही उरतच नाही. कॅरॅव्हॅन आधीपासूनच उधळी होती. बिल आता दिसायला लागलं, एवढंच.

उतारावर ब्रेकमधून वीज परत मिळते म्हणाल, तर तिथेही वाटेकरी आहे. गाडी मंदावली की कॅरॅव्हॅन मागून ढकलते आणि त्या दाबानेच तिचे स्वतःचे ब्रेक लागतात. त्यातली ऊर्जा ड्रम तापवण्यात जाते.

आता काकांचा प्रवास. न्यूकी सुमारे ३७० कि.मी. बॅटरी १० टक्क्यांखाली न्यायची नाही आणि वाटेत ८० पर्यंतच भरायची (पुढे चार्जिंग फार हळू होतं) असं धरलं, तर ९६ च्या वेगाने दोनदा थांबावं लागतं. तोच वेग ८० केला तर रेंज २७० पर्यंत जाते आणि एकदाच थांबून भागतं. गाडी चालवायचा वेळ पाऊण तासाने वाढतो, पण एक अख्खा थांबा वाचतो, म्हणजे पोचायची वेळ जवळपास तीच! एम ५ मोटरवे काही सपाट नाही, म्हणून थोडी फट ठेवायला हवी. मी काकांना सांगितलं, विकू नका, १६०० किलोची परवानगी असलेली गाडी घ्या आणि हळू चालवा. ट्रकवाले ओव्हरटेक करतील, ही कल्पना काकांना अजून पचलेली नाही.

मला जास्त चीड येते ती चार्जिंगच्या जागांची. बहुतेक ठिकाणी गाडी समोरून आत घालायची. मागे कॅरॅव्हॅन असेल तर आधी ती सोडा, कुठेतरी उभी करा, चार्जिंग झाल्यावर परत जोडा. पेट्रोल पंपावर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघतात, एवढी साधी रचना इथे कोणाला का सुचू नये?

दुसरा उपाय कॅरॅव्हॅनलाच मोटर आणि बॅटरी देण्याचा. जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीने २०२१ मध्ये अशी कॅरॅव्हॅन ऑडी ई-ट्रॉनला जोडून आल्प्स ओलांडून गार्डा सरोवरापर्यंत नेली, ३८६ कि.मी., एका चार्जमध्ये. भारी आहे! पण त्या बॅटरीचं वजन पुन्हा १६०० किलोच्या हिशोबातच येतं, आणि किंमतही.

कॅम्पसाइटवर पोचल्यावर विजेचा पॉइंट मिळतो, जास्तीत जास्त १६ अँपिअरचा. २३० व्होल्टने गुणा : पावणेचार किलोवॉटसुद्धा नाही. ७५ युनिट भरायला वीस तास. मुक्काम आठवड्याचा, त्यामुळे वीस तास चालतील. फक्त साइटवाल्याची परवानगी आधी घ्यायची, आणि गाडी चार्जिंगला असताना मावशीने चहाची किटली लावायची नाही, नाहीतर एम.सी.बी. पडलाच!