कीटकांच्या टाळूवरचे तीन डोळे

कापूरहोळला भोरच्या फाट्यावर चहाच्या टपऱ्यांभोवती गांधीलमाश्या घोंगावताना सगळ्यांनीच पाहिल्या असतील. एखादी मेलेली सापडली तर चिमट्याने उचला (मेल्यावरही नांगी टोचते) आणि भिंगाखाली धरा. बाजूचे दोन मोठे डोळे लगेच कळतात. त्यांच्या मधोमध, टाळूवर, त्रिकोणात बसलेले तीन चकचकीत ठिपके दिसतील. तेही डोळेच, 'साधे डोळे'.

एकच भिंग, तेही बिघडल्यासारखे

मोठा डोळा हजारो बारीक भिंगांचा. कामकरी मधमाशीच्या एका डोळ्यात ती पाच हजारांच्या आसपास. साध्या डोळ्याला भिंग एकच आणि त्यामागे उजेड टिपणाऱ्या पेशींचा पडदा. बहुतेक कीटकांत प्रतिमा या पडद्यावर न पडता त्याच्याही मागे पडते, म्हणून सगळे धूसर दिसते. चष्मेवाल्याने नापासच केला असता! पण हा धूसरपणा सोयीचा आहे. पाना-काड्यांचा तपशील पुसला जातो आणि कुठे उजेड जास्त, कुठे कमी, एवढेच उरते.

तोल सांभाळायला

आभाळ उजळ, जमीन काळपट. उडता टोळ उजवीकडे कलला, की उजव्या साध्या डोळ्यापुढे जमीन येते आणि डाव्यापुढे आभाळ. पुढे झुकला की मधला अंधारतो. मोजक्या, जाड चेतातंतूंवरून ही खबर झटपट पुढे जाते आणि मान, पंख सावरतात. चतुराचा मधला डोळा मात्र याहून बरे पाहतो.

उजेडाचा अंदाजही यांच्याकडेच. मधमाश्यांचे हे डोळे झाकून पाहिले, तेव्हा त्या सकाळी उशिरा बाहेर पडल्या आणि संध्याकाळी लवकर परतल्या.

भीमाशंकरचा रातभुंगा

पुणे जिल्ह्यातल्याच भीमाशंकरच्या जंगलात लाकूड पोखरणारा एक भुंगा चक्क अमावास्येच्या रात्रीही उडतो. शास्त्रीय नाव झायलोकोपा ट्रँकेबारिका. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी त्याचे डोळे मोजले. निष्कर्ष 2009 मध्ये छापून आले. साधे डोळे सुमारे 1 मिलिमीटरचे, म्हणजे भुंग्यांत अवाढव्यच, आणि प्रतिमा इथेही धूसर. त्याचे मोठे डोळे दिवसा उडणाऱ्या एका भाऊबंदापेक्षा 27 पट संवेदनशील निघाले.

कोणाला नसतात?

सगळ्या कीटकांना हे तीन डोळे मिळालेले नाहीत. डासांना नाहीत. आणि पावसाच्या तोंडावर भोर-वेल्ह्याच्या रानात ज्यांना बघायला माणसे रात्री गाड्या काढून जातात, त्या प्रौढ काजव्यांनाही ते नसतात.