गुडघ्यावरचा भार आणि ताटातला घास

सपाट रस्त्यावर साधं चालतानाही गुडघ्यावर माणसाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. पाऊल टेकताना आजूबाजूचे स्नायूही हाडांना एकमेकांवर आवळत असतात, म्हणून. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातले स्टीफन मेसियर आणि त्यांचे सहकारी यांनी 2005 मध्ये गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या, वजन जास्त असलेल्या 142 ज्येष्ठांच्या चालीची मोजमापं तपासली. अंगावरचं एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो, असं त्यांना दिसलं. किलोमीटरभर चालताना एक गुडघा साधारण 700 वेळा तरी भार घेतो. गुणाकार केला तर अडीच टनांच्या वर जातो, आणि हे फक्त एका किलोचं.

गोष्ट नुसत्या ओझ्याचीच असती तर इथेच संपली असती. पण स्थूल माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त दुखतात, आणि बोटांवर तर कोणी चालत नाही. चरबी ही शरीरात गुमान पडून राहणारी गोष्ट नाही. तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात आणि सगळ्याच सांध्यांपर्यंत पोचतात. म्हणजे वजन गुडघ्याला वरूनही छळतं आणि आतूनही.

‘गादी घासली’, ‘वंगण संपलं’ असं ऐकून घरी आलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पायाला आराम देतो. त्याच्या जागी ते तर्काला धरूनच आहे. उरलीसुरली गादी जपून वापरावी, असं कोणालाही वाटेल. पण हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि दाबलं-सोडलं की स्पंज जसा पाणी शोषतो तसा हालचालीमुळेच तो द्रव तिच्यात नीट खेळतो. बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने बारीक होतो. जिना उतरताना, खुर्चीत बसताना बसणारा धक्का तो झेलत असतो. तो कमजोर झाला की धक्का थेट सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि माणूस आणखी बसतो.

मग व्यायाम करावा की वजन उतरवावं? मेसियर यांच्याच गटाने या प्रश्नाचा तड लागेपर्यंत पाठपुरावा केला. 55 वर्षांवरच्या, वजन जास्त असलेल्या 454 जणांचे तीन गट केले. एकाला फक्त व्यायाम, एकाला फक्त आहारनियंत्रण, तिसऱ्याला दोन्ही. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन दिवस तासभर चालणं आणि वजनं उचलणं. हे 18 महिने चाललं आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फक्त व्यायाम करणाऱ्यांचं वजन 2 टक्क्यांच्या आसपास घटलं, आहारवाल्यांचं साडेनऊ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचं 11 टक्क्यांहून थोडं जास्त. दुखणंही या तिसऱ्या गटातच सर्वांत कमी झालं, जवळपास निम्म्याने. ‘मी रोज फिरायला जातो, तरी काटा हलत नाही’ या तक्रारीचं उत्तर पहिल्या गटाच्या आकड्यात आहे. वजन मुख्यतः ताटात उतरतं. स्नायू मात्र ताटात तयार होत नाहीत, त्यासाठी हातपाय हलवावेच लागतात.

याच लोकांचे एक्स-रे नंतर तपासले गेले, तेव्हा हाडांमधल्या अंतरात तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. दुखणं निम्मं आणि फोटो जवळपास तसाच! एक्स-रे उजेडाला धरून ‘गॅप किती उरलाय’ यावर घरोघरी जी चर्चा चालते, ती थोडी कमी केली तरी चालेल, असं मला यावरून वाटतं.

पुढचा भाग बातम्यांत फारसा आला नाही. हाच कार्यक्रम विद्यापीठाबाहेर, नॉर्थ कॅरोलिनातल्या गावोगावच्या सामान्य केंद्रांत 823 जणांवर करून पाहिला. 2022 मध्ये आलेला निकाल बेताचा होता. तुलनेच्या गटापेक्षा दुखणं कमी झालं, पण फरक इतका लहान की रुग्णाला तो कितपत जाणवेल, याबद्दल संशोधकांनीच शंका व्यक्त केली. उपाय तोच असला तरी तो कोण, कुठे, किती बारकाईने करून घेतं यावर बरंच अवलंबून असावं, असा मी याचा अर्थ लावतो.

वजन घटवणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनची चाचणी अशाच रुग्णांवर झाली, तिचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. 68 आठवड्यांत वजन सरासरी 13.7 टक्के घटलं आणि गुडघेदुखीही पुष्कळ कमी झाली. पण झपाट्याने वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही जातो. ज्याची मांडी आधीच कमजोर आहे, त्याला इंजेक्शन घेऊनही व्यायामातून सुटका नाही.

डेन्मार्कमध्ये इवा रूस आणि सोरेन स्को यांनी 2013 मध्ये सुरू केलेला ‘ग्लॅड’ हा कार्यक्रम मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो. दोन बैठकांत आजार समजावून सांगायचा, मग फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली सहा आठवड्यांत 12 वेळा व्यायाम. यंत्रं जवळजवळ नाहीतच. खुर्चीतून उठणं-बसणं, पायरी चढणं-उतरणं, आणि ते करताना गुडघा आत वळू न देणं. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटलं की अनेकांना दहा दिवसांचा शेक आठवतो. शेकाने बरं वाटतं, मांडी भरत नाही. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं जमत नसेल, तर ते काही काळ सोडायला हरकत नाही. उठबस मात्र सोडू नये.

व्यायामाने थोडं दुखणारच. अशा कार्यक्रमांत शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंतचं दुखणं चालतं, पण 24 तासांत ते पहिल्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या खेपेला आवर्तनं कमी करायची. सांधा अचानक सुजून गरम झाला, ताप आला किंवा पायावर भारच घेता येईना, तर हा हिशेब लागू नाही. तेव्हा थेट डॉक्टरांकडे जायचं.