ग्रंथालयीन विभागांचे एकत्रीकरण व विद्यार्थी-सहायक

इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांमुळे महाविद्यालयीन ग्रंथालयातील कामाचे स्वरूप बदलले आहे. नियतकालिक विभागातील नोंदींचे काम घटते, तर परीक्षाकाळात देवघेव विभागासमोर रांगा लागतात. अशा वेळी दोन्ही विभाग एकत्र करून ‘कमवा व शिका’ योजनेतील विद्यार्थी सामायिकपणे नेमणे हा उपाय पुढे येतो.

मात्र केवळ टेबले जोडल्याने एकत्रीकरण होत नाही. विद्यार्थ्यावर दोन प्रमुख राहिले, तर आदेश दोघांचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी स्थिती उद्भवते. म्हणून एकच पर्यवेक्षक व एकच वेळापत्रक असावे. वर्गांकानुसार ग्रंथमांडणी, देवघेवीची नोंद व नियतकालिकांची मांडणी यांचे प्रशिक्षण सर्वांना द्यावे. संदर्भविषयक प्रश्न मात्र ग्रंथपालाकडेच सोपवावेत.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रांतील चौथे सूत्र वाचकाच्या वेळेची बचत सांगते. विद्यार्थी-सहायक हाही वाचकच होय. त्याच्या तासिका व परीक्षा सांभाळूनच काम द्यावे. रिक्त पदांना स्वस्त पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहिल्यास ‘कमवा’ उरते, ‘शिका’ हरवते.