चिमटीची परीक्षा

अंगठ्यावर तर्जनी १० वेळा टेकवायची. बोटं पूर्ण फाकवून, जमेल तितक्या झटपट. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या कंपवाताच्या सुरुवातीला ही उघडझाप मंदावत जाते, बोटांमधलं अंतर आक्रसतं, हात मध्येच अडखळतो. मेंदूविकारतज्ज्ञ प्रत्येक हाताला ० ते ४ गुण देतात. ० म्हणजे निर्दोष.

मूठ उघडणं-मिटणं आणि तळहात उलटसुलट करणं, या पुढच्या चाचण्या.

कागदावरही खूण उमटते: लिहिता लिहिता अक्षर बारीक होत जातं. लक्षणं बहुधा आधी एकाच बाजूला दिसतात, म्हणून दोन्ही हातांची तुलना महत्त्वाची.

संधिवातानं किंवा वयानंही बोटं मंदावतात. घरच्या घरी निदान करू नका. फरक जाणवला तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.