मेदाचा मुक्काम कोठे?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक चित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाही एकच, म्हणजे २२.३. तथापि क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजता युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के भरला!

मेद किती, याइतकाच तो कोठे साठतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मांड्यांवर त्वचेखाली साठलेला मेद बहुधा निरुपद्रवी असतो. उदरात, आतड्यांभोवती व यकृतात साठलेला मेद मधुमेहाला व हृद्रोगाला वाट करून देतो. ही जागा ठरविण्यात आनुवंशिकतेचा हात असतो काय? कॅनडातील क्लोद बुशार यांनी एकबीज जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांच्या अवधीत ८४ दिवस रोज १,००० कॅलरी अन्न अधिक दिले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कोणाचे वजन ४.३ किलोग्रॅम वाढले, कोणाचे १३.३. उदरातील मेदाच्या वाढीत मात्र जोडीजोडींमधील तफावत सख्ख्या जुळ्या भावांमधील तफावतीच्या सहापट निघाली. भाऊ भावाच्या वळणावर गेला.

पुढे २०१५ साली सव्वादोन लाखांच्या आसपास व्यक्तींच्या तपासणीतून कंबर व नितंब यांच्या घेराच्या प्रमाणाशी निगडित अशी ४९ जनुकीय स्थाने नोंदली गेली. त्यांपैकी २० स्थानांचा प्रभाव स्त्री-पुरुषांत सारखा नव्हता, आणि त्यांतील १९ स्थानांचा स्त्रियांत अधिक होता. एकेका स्थानाचा वाटा अर्थात अल्पच. ‘पोटाचे जनुक’ असे एखादे शोधू पाहणे व्यर्थ होय.

आणि सारा भार जनुकांवर टाकणेही योग्य नव्हे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचे वजन सरासरी २.७ किलोग्रॅम, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ होते. आपली बालके दंडाने किरकोळ. परंतु खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेची घडी चिमट्यात धरून मोजली, तेव्हा तेथील मेद जवळजवळ शाबूत आढळला. कृश दिसणारे हे बालक जन्मतःच मेदयुक्त होते. याच खेड्यांत ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा असत, त्यांची बालके आकाराने मोठी जन्मली.